पहिली मराठी फिल्म महोत्सवांना पाठवताना

एडिट संपत आलं की नवा दिग्दर्शक विचारतो, "आता ही फिल्म कुठे पाठवू?" माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो. नंतर अडवणारी बहुतेक कागदपत्रं शूटिंगच्या दिवसांतच हातात घ्यायची असतात. शिवाय फिल्मचं पहिलं जाहीर प्रदर्शन एकदाच होतं, आणि ते कुठे व्हावं हे ठरवायला सवड लागते. स्टुडिओचं पाठबळ नसताना, घरचे आणि मित्रांचे पैसे घालून जळगाव, चंद्रपूर, सावंतवाडीकडे फिल्म करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. या क्षेत्रात ओळखीचं कुणी नसेल, तर पायऱ्या क्रमानं वाचा.

१. आधी दारं ओळखा

मराठी कथाचित्रपटासाठी सगळ्यात जवळचं मोठं दार म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला 'पिफ'. पुणे फिल्म फाउंडेशन आणि राज्य शासन मिळून तो भरवतात. सुरुवात २००२ ची, आणि साधारण जानेवारीत होतो. मराठी चित्रपटांची इथे स्वतंत्र स्पर्धा असते आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला 'संत तुकाराम' पुरस्कार मिळतो. जगभरच्या फिल्म बघायला आलेल्या प्रेक्षकांसमोर तुमची फिल्म लागते, हा मला पुरस्काराइतकाच मोठा फायदा वाटतो.

छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव, कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी भरवते तो कोल्हापूरचा महोत्सव आणि मुंबईचा थर्ड आय आशियाई महोत्सव यांना "लहान" समजून वगळू नका. तिथले प्रेक्षक फिल्म सोसायटीच्या चळवळीत तयार झालेले असतात आणि ते खेळानंतर थांबून बोलतात.

गोव्याचा 'इफ्फी', म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९५२ साली सुरू झाला आणि २००४ पासून पणजीत स्थिरावला. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो. त्यातला 'इंडियन पॅनोरमा' हा भारतीय चित्रपटांचा विभाग १९७८ पासूनचा. त्यात दरवर्षी पंचवीसेक कथाचित्रपट आणि वीसेक कथाबाह्य चित्रपट (माहितीपट, शॉर्टफिल्म वगैरे) घेतले जातात. कथाचित्रपट ७० मिनिटांपेक्षा लांब असावा लागतो, त्यामुळे ६८ मिनिटांवर एडिट लॉक (म्हणजे अंतिम) करण्यापूर्वी नियमावली उघडून बघा. २०२४ पासून तिथे पदार्पण करणाऱ्या भारतीय दिग्दर्शकासाठी वेगळा पुरस्कार आहे आणि पहिल्याच वर्षी तो 'घरत गणपती'साठी नवज्योत बांदिवडेकर यांना मिळाला. पस्तिशीच्या आतल्यांसाठी 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो' हा उपक्रम २०२१ पासून चालतो. त्यात फिल्मच्या वेगवेगळ्या शाखांतल्या तरुणांची निवड करून त्यांना ४८ तासांत शॉर्टफिल्म करायला देतात.

शॉर्टफिल्म किंवा माहितीपट असेल तर केरळ चलच्चित्र अकादमीचा तिरुवनंतपुरमचा महोत्सव आणि बंगळुरूचा शॉर्टफिल्म महोत्सव यादीत वर ठेवा. मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे 'मिफ', १९९० पासून दोन वर्षांतून एकदा होतो, तेव्हा त्याचं वर्ष तपासा. स्वतंत्र चित्रपटांसाठी मला मनापासून आवडणारी जागा म्हणजे धरमशाला. रितू सरीन आणि तेन्झिंग सोनम यांनी २०१२ साली तो महोत्सव सुरू केला. तिथे स्पर्धा नसते, त्यामुळे गप्पा फिल्मवर होतात, पुरस्कारावर नाही. परदेशातल्या मराठी प्रेक्षकांपर्यंत जायचं असेल तर २०२४ साली अमेरिकेत सॅन होजेला सुरू झालेला 'नाफा' हा मराठी चित्रपट महोत्सव बघा.

२. कागदपत्रं शूटिंगच्या वेळीच जमवा

या पायरीवर सगळ्यात जास्त फिल्म अडकतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

- प्रत्येक कलाकाराचं आणि तंत्रज्ञाचं सही केलेलं संमतीपत्र. मित्र असला तरी.
- लेखकाकडून कथा-पटकथेचे हक्क निर्मात्याकडे आल्याचा करार. कथा छापील पुस्तकातून घेतली असेल तर लेखकाची, किंवा त्यांच्या वारसांची, लेखी परवानगी.
- लोकेशनच्या मालकाचं ना-हरकत पत्र. एसटी स्थानक, रेल्वे आणि पुरातत्त्व खात्याकडचे किल्ले यांच्या परवानग्या वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळतात.
- संगीताचे हक्क.
- लहान मुलं असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती.
- जनावरं असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी.

यातल्या शेवटच्या तीन गोष्टी नीट समजून घ्या.

संगीत. चहाच्या टपरीवर रेडिओ वाजतोय, वरातीत डीजे लागलाय, देवळाच्या भोंग्यावर कॅसेटमधलं भजन सुरू आहे. आपल्याला ते वातावरण वाटतं. कायद्याच्या नजरेत ते दुसऱ्याच्या मालकीचं रेकॉर्डिंग असतं. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. अभंग शेकडो वर्षांपूर्वीचा असला तरी कंपनीनं काढलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. गावातल्याच मंडळाकडून अभंग गाऊन घ्या, स्वतः रेकॉर्ड करा आणि गाणाऱ्यांचं संमतीपत्र घ्या. हा उपाय स्वस्त आहे आणि ऐकायलाही जास्त खरा वाटतो. शूटिंगच्या वेळी मागचा स्पीकर बंद करायला सांगणं पाच मिनिटांचं काम असतं. तेच गाणं नंतर संवादाखालून काढता येत नाही.

मुलं. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, मधे विश्रांती द्यावी लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. हे नुसतं कागदासाठी करू नका. मुलांवर फिल्म करायची तर त्यांच्या शाळेची आणि झोपेची जबाबदारी आपलीच.

जनावरं. ग्रामीण मराठी फिल्ममध्ये बैल, शेळी, कोंबडी नाही असं क्वचितच होतं. महोत्सव हा कागद सहसा मागत नाहीत, म्हणून तो राहून जातो. पुढे चित्रपटगृहात लावायची वेळ येते तेव्हा सेन्सॉर बोर्ड तो मागतं, आणि परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची असते. मंडळाचं कार्यालय हरियाणातल्या बल्लभगढला आहे; अर्ज लवकर करा. सिगारेट-विडीच्या दृश्यांसाठीची आरोग्य सूचनाही तेव्हाच लागते, पण ती नंतर टाकता येते.

३. पहिलं प्रदर्शन कुठे, हे ठरवा

कान, बर्लिन, व्हेनिस, सनडान्ससारखे महोत्सव कथाचित्रपटाचा जागतिक किंवा निदान आंतरराष्ट्रीय प्रीमियर मागतात. म्हणजे ती फिल्म आधी मुळात कुठेच लागलेली नसावी, किंवा निदान तुमच्या देशाबाहेर तरी लागलेली नसावी. भारतातले बरेच महोत्सव एवढे कडक नसतात. त्यामुळे क्रम सोपा होतो: मोठ्या परदेशी दारांचा प्रयत्न आधी, जवळची दारं नंतर.

पण वाट बघण्यालाही मर्यादा घाला. कथाचित्रपटासाठी एक पूर्ण फेरी, म्हणजे साधारण वर्षभर, थांबायला हरकत नाही. शॉर्टफिल्मसाठी एवढं थांबणं मला पटत नाही. बऱ्याच महोत्सवांना शॉर्टच्या बाबतीत प्रीमियरची फारशी पर्वा नसते आणि दिग्दर्शकाला पुढच्या फिल्मसाठी लोकांनी ओळखणं जास्त गरजेचं असतं. तीन-चार मोठ्या ठिकाणी पाठवा, उत्तरं येऊ द्या, मग देशातल्या महोत्सवांकडे वळा.

लांबीचाही विचार इथेच करा. कानच्या अधिकृत शॉर्टफिल्म स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसह १५ मिनिटांची आहे, ऑस्करची ४० मिनिटांची. पण २८ मिनिटांची शॉर्ट नियमात बसली तरी कार्यक्रमात बसवणं अवघड जातं. दीड तासाच्या खेळात निवडणाऱ्याला पाच-सहा फिल्म लावायच्या असतात आणि तुमची एक फिल्म दोघांची जागा घेते. कथेला खरंच २८ मिनिटं लागत असतील तर ठेवा. सुरुवातीचे ड्रोनचे शॉट आणि लांबलेल्या पाट्या मात्र काढा.

यूट्यूबवर टाकलेली फिल्म बऱ्याच महोत्सवांना चालत नाही. "दोन दिवसांसाठीच टाकली होती" हे तिथे ऐकलं जात नाही. ज्या गावात शूटिंग केलं त्या गावाला फिल्म दाखवायचीच असते, आणि दाखवावीच. फक्त तिकीट लावू नका, फ्लेक्स लावू नका आणि वर्तमानपत्रात "गावात प्रीमियर" अशी बातमी येऊ देऊ नका. कलाकार आणि मदत करणाऱ्यांसाठीचा खाजगी खेळ सहसा प्रीमियर धरला जात नाही.

४. सबटायटलवर पैसे आणि वेळ खर्च करा

निवड समितीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही. तुमचा संवाद त्यांच्यासाठी पडद्याच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी एवढाच असतो. कॅमेरा भाड्यानं आणायला हजारो रुपये देणारे लोक सबटायटल मात्र चुलतभावाकडून रात्रीत करून घेतात. असं करू नका.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं. पडद्यावर किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात. शक्यतो कटच्या पलीकडे सबटायटल जाऊ नये. पाटी, चिठ्ठी, मोबाइलवरचा मेसेज कथेला लागत असेल तर त्याचंही भाषांतर द्या. मागे कुणी तरी "चहा दे रे" म्हणालं, ते सोडून द्या.

फिल्म अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणीत असेल तर ती बोली घरात ऐकलेला माणूस आणि इंग्रजी नीट लिहिणारा माणूस यांना एकत्र बसवा. नात्यांच्या हाकांकडे विशेष लक्ष द्या. एकाच बाईला सासू "सुमन" म्हणते, दीर "वहिनी" म्हणतो, शेजारची पोरं "काकू" म्हणतात. परक्या प्रेक्षकाला त्या तीन बायका वाटतात. सुरुवातीला नाव पक्कं करून द्या, मग गरजेपुरती नाती.

शेवटी मराठी अजिबात न कळणाऱ्या दोन-तीन माणसांना बसवून पूर्ण फिल्म दाखवा आणि कथा सांगायला लावा. जिथे ते अडखळतील तिथे काम बाकी आहे. सबटायटलची एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली) आणि अक्षरं न चिकटवलेली स्वच्छ प्रत दोन्ही जपून ठेवा. फ्रान्सच्या महोत्सवाला फ्रेंच सबटायटल लागले की तीच प्रत कामी येते.

५. स्क्रीनर आणि अर्ज

निवडीसाठी पाठवायच्या प्रतीला स्क्रीनर म्हणतात. व्हिमिओवर पासवर्ड लावून ठेवा, पासवर्ड साधा ठेवा आणि निकाल लागेपर्यंत बदलू नका. लिंक दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या नेटवर उघडून बघा. अपुरं साउंड मिक्स किंवा कच्चा रंग असलेली फिल्म "काम सुरू आहे" अशी टीप लिहून पाठवण्यापेक्षा पुढच्या वर्षाची तारीख गाठा. बघणारा टीप वाचतो आणि तरीही जे ऐकू येतं त्यावरच मत बनवतो.

बरेचसे अर्ज फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात. काही महोत्सवांचे स्वतःचे अर्ज असतात. एकदाच हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार करा:

- एका वाक्यात कथा, पन्नास शब्दांत कथा, दीडशे शब्दांत कथा. शेवट सांगायला घाबरू नका.
- दिग्दर्शकाचं मनोगत आणि छोटा परिचय, फोटोसह.
- फिल्ममधली पाच-सहा चांगली स्थिरचित्रं. शूटिंग सुरू असतानाचे फोटो वेगळे.
- पोस्टर, ट्रेलर, संपूर्ण श्रेयनामावली.
- तांत्रिक माहिती: लांबी, फ्रेमचा आकार, फ्रेम रेट, ध्वनी.

मनोगतात "समाजाला संदेश द्यायचा आहे" असं लिहू नका. ही गोष्ट तुमच्याकडे कशी आली, ते गाव, ते घर, तो व्यवसाय तुम्हाला कसा माहीत आहे, हे लिहा. निवडणाऱ्याला तेवढंच जाणून घ्यायचं असतं. पोस्टरवर मात्र फार डोकं शिणवू नका, स्वच्छ आणि वाचता येणारं असलं की पुरे.

६. फी, आणि नावापुरते महोत्सव

अर्जाची फी मुदतीनुसार वाढत जाते, म्हणून पहिल्या मुदतीत पाठवा. परदेशी फी डॉलरमध्ये कापली जाते, वर कार्डाचे चार्जेस. खरंच परवडत नसेल तर महोत्सवाला नम्रपणे दोन परिच्छेदांचा ईमेल लिहून फी माफी मागा. फिल्म काय आहे आणि याच महोत्सवात का, एवढंच लिहा. बरेच जण नाही म्हणतात, काही हो म्हणतात.

आता सापळा. दर महिन्याला "महोत्सव" भरवणारे, प्रत्यक्षात एकही खेळ न लावणारे, साठ-सत्तर विभागांत पुरस्कार वाटणारे आणि मग ट्रॉफीसाठी वेगळे पैसे मागणारे लोक खूप आहेत. नवख्या दिग्दर्शकाच्या उत्साहावर त्यांचा धंदा चालतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पैसे भरण्याआधी हे तपासा: खेळ कोणत्या थिएटरात झाले? मागच्या वर्षीचं वेळापत्रक सापडतं का? परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? तिथे फिल्म लागलेल्या एखाद्या दिग्दर्शकाला थेट मेसेज करून विचारा. पोस्टरवर पंधरा अनोळखी लॉरेल (महोत्सवांची पानांच्या माळेतली चिन्हं) लावल्यानं जाणकार निवडणारा उलट सावध होतो.

आणखी एक गोंधळ कानबद्दलचा. तिथल्या बाजार विभागात पैसे भरून फिल्मचा खेळ लावता येतो, आणि राज्याचं चित्रपट महामंडळही मराठी चित्रपट त्या बाजारात नेतं. विक्रीसाठी ते उपयोगी आहे. पण ती महोत्सवाची अधिकृत निवड नव्हे. पोस्टरवर तसं लिहू नका आणि कुणी तसं विकत असेल तर पैसे देऊ नका.

७. निवड झाल्यावर: डीसीपी आणि सेन्सॉर

थिएटरात फिल्म डीसीपीवरून, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज या फाइलींच्या संचावरून, चालते. 'डीसीपी-ओ-मॅटिक' या मोफत सॉफ्टवेअरनं ती घरी बनवता येते. चित्राचा आकार फ्लॅटसाठी (नेहमीची रुंद चौकट) १९९८ गुणिले १०८०, स्कोपसाठी (त्याहून लांबट चौकट) २०४८ गुणिले ८५८. फ्रेम रेट २४ ठेवणं सगळ्यात सुरक्षित. शूटिंग २५ वर केलं असेल तर २४ वर आणताना आवाज सुमारे चार टक्के मंदावतो, तेव्हा साउंडवाल्याला आधी विचारा. ध्वनी शक्यतो ५.१ मध्ये (मधल्या स्पीकरसह सहा वेगळे चॅनेल) द्या. नुसत्या स्टिरिओत संवाद मधल्या स्पीकरऐवजी कडेच्या दोन स्पीकरमधून येतात आणि मोठ्या हॉलमध्ये पोकळ वाटतात.

पहिल्या डीसीपीला कुलूप (एन्क्रिप्शन) घालू नका. ते उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची वेळ किंवा सर्व्हरचा क्रमांक चुकला तर खेळच रद्द होतो. आणि पाठवण्याआधी ती खऱ्या पडद्यावर बघा. तालुक्याच्या थिएटरचा मॅनेजर सकाळी पहिल्या खेळाआधी अर्धा तास देतो, विचारायला संकोचू नका. तळाची सबटायटल कापली जाताहेत का आणि पहिला संवाद शेवटच्या रांगेत ऐकू येतो का, हे तिथेच कळतं.

सेन्सॉर प्रमाणपत्र नसेल तर घाबरू नका. महोत्सवात अशी फिल्म दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते आणि तिच्यासाठी अर्ज आयोजक करतात. त्यासाठी ते कथेचा सारांश वगैरे माहिती घाईनं मागतात. त्याच दिवशी पाठवा.

८. महोत्सवात गेल्यावर

गोव्यात इफ्फीच्या वेळीच एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बझार भरतो. २००७ पासून चाललेला, आता 'वेव्हज फिल्म बझार'. तिथे लिहून झालेल्या पटकथेसाठी लेखकांची प्रयोगशाळा, पैसे उभे करण्यासाठी सहनिर्मितीचा बाजार आणि कच्च्या एडिटसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे. शेवटच्या लॅबसाठी फिल्म पूर्ण झालेली नसणं हीच पात्रता असते, म्हणून घाईनं पूर्ण करण्याआधी तिथे अर्ज करा. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' कागदावर होता तेव्हाच व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या नव्या चित्रपटांच्या कार्यशाळेत गेला होता. २०२५ च्या जानेवारीत सनडान्समध्ये त्याला जागतिक कथाचित्रपट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

तुमच्या खेळाला येणाऱ्यांशी बोला, पण इतरांच्या खेळालाही बसा. कार्यक्रम निवडणारी माणसं तिथे रांगेत तुमच्या शेजारीच उभी असतात. प्रश्नोत्तरांत तक्रारी सांगत बसू नका. बजेट कमी होतं हे पडद्यावर दिसलेलं असतंच. कलाकारांना बरोबर नेता आलं तर न्या. गावच्या आजीनं माइक हातात घेऊन दिलेलं उत्तर दिग्दर्शकाच्या उत्तरापेक्षा नेहमीच चांगलं असतं.

९. प्रदर्शनाची घाई

निर्मात्याला, म्हणजे बऱ्याचदा मामाला किंवा मित्राला, वेळेचा अंदाज आधीच द्या. जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ला सप्टेंबर २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात नेटपॅक (आशियाई चित्रपटांसाठीचा) पुरस्कार मिळाला आणि तो भारतात चित्रपटगृहांत आला मार्च २०२५ मध्ये. 'साबर बोंडं' सनडान्सनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. मधल्या काळात ओटीटी किंवा यूट्यूब चॅनेलवाले विचारणा करतात. करारावर सही करण्याआधी ज्या महोत्सवांची उत्तरं बाकी आहेत त्यांचे नियम वाचा आणि "महोत्सवांत दाखवण्याचा हक्क निर्मात्याकडे राहील, ऑनलाइन प्रदर्शन अमुक तारखेनंतर" हे कलम लेखी टाकून घ्या. तोंडी शब्दावर लिंक देऊ नका, आणि कुणालाही डाउनलोड करता येईल अशी प्रत तर अजिबात नको.